सोमवारी दुकान बंद असते

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तो माणूस आज परत! दुकानाच्या बाजूच्या भिंतीला, ड्रायरची गरम हवा बाहेर पडते त्या पाइपाखाली, पाय पसरून बसलेला. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं समाधान, जणू डॉक्टरनंच हवापालट सांगितलाय.

म्हटलं, "उठा. इथं बसायचं नाही."

डोळे उघडायचीही तसदी नाही. "मालक, ही हवा तुमच्या कामाची आहे का?"

"नाही, पण—"

"म्हणजे टाकलेलीच ना? मग मी बसलोय तर बिघडलं कुठं?"

धुलाईच्या धंद्यात अठ्ठावीस वर्षं काढली. हवेवरून भांडायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि हरलो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

हिनं त्याला चहा दिला. माझ्या कपातून! "दुसरे कप नव्हते का?" तर म्हणे, "होते की. पण बाहेरच्या माणसाला बरा कप द्यावा." माझा कप घरातला बरा कप आहे, हे लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर कळलं.

मग मी स्पष्टच बोललो. गिऱ्हाइकं येतात-जातात, त्या माणसाच्या कपड्यांना वास येतो. ही इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, लोकांच्या कपड्यांना वास येतो म्हणूनच आपलं घर चालतं ना?"

यावर मला फार चांगलं उत्तर सुचलं. दोन तासांनी.

रविवार, १० नोव्हेंबर

ठरलं म्हणे. सोमवारी दुकान बंद, चारही मशिनं रिकामी. तर पुलाखाली राहतात त्यांचे आणि मागच्या पत्र्याच्या खोल्यांतल्या लोकांचे कपडे धुऊन द्यायचे. फुकट. "कुणी ठरवलं?" — "आपण." ही हे सांगत होती तेव्हा मी साबणाचं पोतं उचलून "कुठं ठेवू?" एवढंच विचारलं होतं. तोच माझा होकार!

मुद्दे मांडले. पाणी. वीज. साबण. माझी दुपारची झोप. पहिल्या तिन्हींवर तिनं विचार केला. चौथ्यावर हसली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

पाच जण आले. आणि दारातच लक्षात आलं — एकेकाकडे अंगावर आहेत तेवढेच कपडे! ते मशिनात गेले, तर माणसानं बसायचं कसं? हिनं याचा विचारच केला नव्हता. मला मनातून एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पाच मिनिटं टिकला.

हिनं मागचं कपाट उघडलं. लोक कपडे टाकतात आणि न्यायला येतच नाहीत, ते सगळं तिथं टांगलेलं असतं. बाजारातल्या हमालाला बँडवाल्याचा लाल कोट झाला. सोनेरी बटणं, खांद्यावर झुपके. तेव्हापासून तो कमरेतून ताठ बसला. कागद-काच वेचणाऱ्या दोघा भावांना डॉक्टरांचे पांढरे कोट. पुलाखालच्या आजींना केसाळ कॉलरचा ओव्हरकोट. तो घालून त्यांनी पहिली मागणी केली ती आरशाची. आणि पाइपवाल्याला वकिलाचा काळा कोट. मापात बसला! खाली घालायला माझे दोन पायजमे दिले. दिले म्हणजे, गेले.

आजींचा माझ्यावर विश्वास नाही. मशिनाच्या काचेसमोर स्टूल घेऊन बसल्या. "आत माझंच आहे ना?" — "तुमचंच, आजी." — "मग एवढं गरगर कशाला फिरवताय? घेरी येईल त्याला." पाऊण तास हलल्या नाहीत. फेस वर आला की पदर सावरायच्या. पदर नव्हता, ओव्हरकोट होता.

पाइपवाल्याचा शर्ट बाहेर काढून दिला, तर घेईना. "हा माझा नव्हे. माझा तपकिरी होता."

मी म्हटलं, "तुमचाच आहे. निळा आहे तो."

बराच वेळ शर्ट हातात धरून उभा राहिला. उलटा केला, सुलटा केला. खिशाचं तुटकं बटण बघितलं. मग हळूच म्हणाला, "हो की! निळाच होता."

मी साबण आणायला म्हणून आत गेलो. साबण बाहेरच होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शेजारचे चष्मेवाले आले. "सोमवारी तुमच्याकडे कसली माणसं येतात?" म्हटलं, एक बँडमास्तर, दोन डॉक्टर, एक वकील आणि एक बाई, चांगल्या घरातल्या दिसतात. त्यांना ते विनोदी वाटलं नाही. "त्याच मशिनात आमचे कपडे धुणार तुम्ही?" मधे दोनदा नुसतं उकळतं पाणी फिरवतो, हे सांगितलं. "मनाला पटत नाही," म्हणाले. वरती अर्ज करणार आहेत.

खरं सांगायचं तर सोमवारपर्यंत माझ्याही मनाला पटत नव्हतं. पण यांच्या तोंडून ऐकलं आणि राग आला. माणसाला आपलाच विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज अकरा जण. आणि वर निरीक्षक!

आरोग्य खात्याचा, तरुण, काखेत फाइल. मोठ्या आवेशात दार ढकललं आणि तिथंच थबकला. समोर बाकावर लाल कोटातला हमाल ताठ बसून चहा पितोय. आजी ओव्हरकोटात. दोन डॉक्टर. आणि मधोमध काळ्या कोटात पाइपवाला, पायावर पाय टाकून. 

पाइपवाला सावकाश उठला. "आपलं ओळखपत्र?"

त्यानं दाखवलं! कोट बघून दाखवलं.

"तक्रार लेखी आहे?"

"आहे."

"खाली सही कुणाची?"

निरीक्षकानं फाइल चाळली. "सही... सही नाहीये."

"सही नाही!" पाइपवाल्यानं हे असं म्हटलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

निरीक्षक गडबडला. एका पांढऱ्या कोटाकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, तुमचं काय मत? आरोग्याला काही धोका?"

थोरल्या भावानं गंभीरपणे विचार केला. "पाठ दुखते," म्हणाला. "वाकून वाकून."

निरीक्षकानं ते लिहून घेतलं. तेवढ्यात पाइपवाल्यानं असा खणखणीत आवाज लावला की मशिनाची काच थरथरली — "पुढची ता-री-ख!" बिचाऱ्यानं वहीत तारीखही टाकली. जाताना आजींना नमस्कार करून गेला. आजी म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. कॉलर मळलीय. त्याला सांगा, सोमवारी आण."

ही इस्त्रीच्या टेबलामागे खाली बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले होते, आठवेना.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आता त्याला सगळे वकीलच म्हणतात. आज पाइपाखाली चहा नेऊन दिला. (माझ्या कपातून. आता सुटका नाही.) विचारलं, "खरंच वकिली केलीत?"

"छे हो! कोर्टातला शिपाई. दाराबाहेर उभं राहून नावं पुकारायचो. तेवीस वर्षं. वकील काय, येत-जात असतात. आवाज आमचा!"

"मग हे असं कसं झालं?"

कपात बघत म्हणाला, "बायको गेली. मग खोली गेली. मग सवय गेली."

"कसली सवय?"

"घरी जायची."

हवा गरम होती. थोडा वेळ मीही बसलो. बरी जागा आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

लॉजच्या चादरी गेल्या. मॅनेजर स्वतः आला, नजर चुकवत बोलला — "पाहुण्यांच्या कानावर गेलं तर... तुम्ही समजून घ्या." नऊ वर्षांचं काम. आठवड्यातले तीन दिवस त्यावरच निघायचे. चष्मेवाले त्यांच्या दारात उभे राहून आभाळ बघत होते.

मी हिला म्हटलं, "झालं समाधान?" नको होतं बोलायला. ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती इस्त्री करत राहिली. एकच उशीची खोळ चारदा.

रविवार, २४ नोव्हेंबर

पुठ्ठ्यावर पाटी रंगवली. "सोमवारची मोफत धुलाई बंद करण्यात आली आहे. कृपया गर्दी करू नये." अक्षर चांगलं आलंय. हिनं वाचली. "गर्दीतला र्द छान काढलात," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आठ वाजता पाटी आणि खिळा घेऊन गेलो. दारात रांग! आजींनी सगळ्यांना नंबर लावून दिलेले, मधे घुसणाऱ्याला काठी. मला बघून सगळे बाजूला झाले. नको तेवढ्या आदरानं.

खिळा ठोकला. पाटी लावली. आजी पुढं आल्या. "काय लिहिलंय हो? आम्हाला कुठं वाचता येतंय!"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. हमालानं बगलेत बायकोचे, पोरांचे कपडे धरलेले. आज पहिल्यांदाच घरच्यांचे आणले होते. माझं तोंड उघडलं आणि आतून हे बाहेर पडलं —

"लिहिलंय... चपला बाहेर काढाव्यात."

"मग बरोबरच आहे," आजी म्हणाल्या. "लादी पुसायला किती त्रास!" आणि भराभर सगळ्यांनी चपला काढल्या.

मागे वळून बघतो तर वकील उभा. त्याला वाचता येतं! पाटी वरपासून खालपर्यंत वाचली त्यानं. मग माझ्याकडे बघितलं. मग वाकून चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या आणि आत गेला.

दुपारी पाटी उतरवली. मागची बाजू कोरी होती. तिथं चपलांचं लिहिलं. खोटं बोललो असं राहायला नको.

सोमवार, २ डिसेंबर

सोळा जण. पाठ धरली. आजींनी घडी वाकडी म्हणून चादर परत केली — फुकटात धुतलेली! पुन्हा घडी घातली. ही म्हणते, आता घडी सुधारली माझी.

सोमवार, ९ डिसेंबर

वकील आला नाही. पाइपाखालीही नाही. मला काही नाही त्याचं. हिनं तीनदा विचारलं आणि मी चारदा बाहेर जाऊन बघून आलो, एवढंच.

बुधवार, ११ डिसेंबर

दहाच्या सुमाराला फोन. सरकारी दवाखाना. "एक वयस्कर गृहस्थ परवा रस्त्यात पडले होते. शुद्धीवर आहेत-नाहीत. जवळ कागद एकही नाही. कॉलरच्या आत तुमच्या दुकानाची पट्टी शिवलीय, तिच्यावर हा नंबर. निळा शर्ट. ओळखता का?"

या पट्ट्या आमची ही शिवते, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना शिवतो तशाच. फुकटचे म्हणून वेगळं काही करायचं नाही, असं तिचं. इस्त्री तशीच टाकून पळालो. ही बाजारात गेलेली, दुकान उघडं! चष्मेवाल्यांना ओरडून सांगितलं, "बघा जरा!" ते "हो हो" म्हणाले. म्हणाले खरे.

आतडं अडकलंय. शस्त्रक्रिया आजच करायची, पण घरच्या माणसाची सही पाहिजे. खिडकीतल्या नर्सबाईंनी फॉर्म पुढं घेतला.

"पेशंट कोण तुमचे?"

"भाऊ." म्हणून मोकळा झालो.

"थोरले की धाकटे?"

"थोरला. मला कधी जिंकू देत नाही."

"पूर्ण नाव?"

आली का पंचाईत! पाच आठवडे माणूस दारात, माझ्या कपातून चहा पितोय, माझा पायजमा घालून बसतोय, आणि मी नाव विचारलेलं नाही. 

"घरात... आम्ही वकील म्हणतो."

नर्सबाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. शेजारी ठेवलेल्या शर्टाच्या पट्टीकडे बघितलं. माझ्या सदऱ्याच्या खिशावर तेच नाव, दुकानाचं, दोऱ्यानं भरलेलं. पुन्हा माझ्याकडे. म्हटलं, आता हाकलणार.

त्यांनी "नाते" पुढं सावकाश लिहिलं — भाऊ. "नाव शुद्धीवर आल्यावर त्यांनाच विचारू," म्हणाल्या. "सही करा. उशीर नको."

सही केली. अक्षर फार वाईट आलं.

फोन केल्यावर ही आली. दोघं बाकावर बसलो. तिनं आणलेला डबा उघडलासुद्धा नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, निभावलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळपासून दवाखान्यातच. आत सोडेनात. अकराला नर्सबाई हसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "शुद्धीवर आले. तुमचे भाऊ बाहेर बसलेत म्हणून सांगितलं. थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले — त्याला आधी जेवून यायला सांगा. लहानपणापासून तसाच आहे. भूक लागली की चिडतो."

गेलो. जेवून आलो.