पोहायला गेलो ते मीच

मंगळवार, ४ जून

नाही, हेरगिरी नाही ही! कुणी विचारलं नाही अजून, पण विचारलं तर उत्तर तयार असलेलं बरं. गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, काहीतरी घ्यायचं, तिथली माणसं कशी वागली ते कंपनीला कळवायचं. बस्स. पैसे दुकानाचा मालकच देतो. याला म्हणे 'गुप्त ग्राहक'. नाव मोठं, काम लहान. जन्मभर लोकांचे तुंबलेले नळ आणि मोऱ्या उपसल्या, तेव्हा कुणी असलं नाव दिलं नाही.

करारात मी 'स्वतंत्र कंत्राटदार' आहे. लेकीने वाचून दाखवलं. म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे बाबा, तुम्ही तुमचेच साहेब!" वा रे साहेब. रजा नाही, गुडघा धरला तर औषध नाही, आणि कर कापून घेणारं कोणी नाही – आपला आपण भरायचा.

आज चपलांचं दुकान. विक्रीवाली जमिनीवर बसून माझ्या पायात जोडा चढवत होती. नीट बोलली, माप बरोबर काढलं. हसली नाही. दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन कोण हसेल? पण प्रश्नच तो आहे – 'हसली का?' नाही. असंच लिहायचं. लिहून देणार.

लिहून म्हणजे मी बोलणार, लेक तिच्या फोनवर टाइप करणार. दर बुधवारी संध्याकाळी येते. माझी बोटं पाना धरून धरून जाड झाली, एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. आणि माझं शिक्षण सहावीपर्यंत. कंपनीचे पैसेही तिच्या फोनमधल्या पाकिटात येतात, ती मला रोख आणून देते. फोनमधल्या पैशावर माझा विश्वास नाही. जे हातात नाही ते नाही.

बुधवार, ५ जून

लेक आली, चपलांचं लिहून झालं. घाईत होती. चहा अर्धा टाकून गेली.

शुक्रवार, ७ जून

करवाली बाई लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसते. वाफेचा वास, डोक्यावर लोकांचे कोट लटकलेले. महिनाअखेर कराचा कागद भरायचा म्हणून गेलो. कंपनीचं वर्षाचं पत्रक आलं होतं, पाकीट न फोडताच तिच्यापुढे ठेवलं.

ती वाचून म्हणाली, "काका, बरं चाललंय की तुमचं!"

मी म्हटलं, "चेष्टा नको."

आकडा बघितला. मला मिळाले त्याच्या दुपटीहून जास्त! म्हटलं, कंपनीने शेजारच्याचा कागद पाठवला. ती म्हणाली, "नाव तुमचं, क्रमांक तुमचा. सरकारलाही हाच आकडा गेलाय. तुम्ही कमी लिहिलात तर दोन कागदांची भांडणं लागतील, आणि मार तुम्हाला बसेल."

मग समजावून सांगितलं. दुकानात जे विकत घेतो त्याचे पैसे कंपनी परत देते, ती कमाई नव्हे, पावत्या लावून वजा करता येते. मेहनताना तेवढा कमाई. केलं वजा. तरी जास्तच!

मला कराची भीती नाही. कर थोडासाच बसेल. भीती खोलीची. ही खोली पालिकेच्या घरखात्याची, कमी कमाईच्या म्हाताऱ्यांसाठी. एक खाट, एक शेगडी, खिडकीतून समोरची भिंत. पण भाडं नखाएवढं. कमाई ठरलेल्या रेषेच्या वर गेली की खोली काढून घेतात. बाहेरच्या भाड्यात मी आठवडाभर टिकणार नाही.

मंगळवार, ११ जून

कंपनीला फोन केला. तिकडे जी बाई कामं वाटून देते ती कायम आनंदात. मी तोंड उघडायच्या आत, "काका! तुमचा अहवाल आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो, माहितीये?"

"कुठला?"

"पोहण्याच्या तलावाचा हो! कपडे बदलायच्या खोलीची कडी तुटलीय हे फक्त तुम्ही लिहिलंत. पाण्यातून बाहेर आल्यावर थंडी वाजते तिथे टॉवेलची खुंटी नाही, हेसुद्धा! या वयात इतकं पोहता, कमाल आहे!"

मी पाण्यात पाय घातला तो लोकांच्या टाक्या दुरुस्त करताना. पोहणं येत नाही मला.

ओरडणार होतो. जीभ दातांपर्यंत आली होती. मग आठवलं – फोन कुणाकडे, खातं कोण उघडतं, परवलीचा शब्द कुणाला ठाऊक. आवळून धरली जीभ.

बाई म्हणाली, "काही गडबड आहे का? तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी काम केलं असेल तर लगेच सांगा हं. आम्ही चौकशी करतो, त्या माणसाचं नाव करखात्याला कळवतो."

"गडबड कसली," म्हटलं. "वय झालं, विसरलो."

बुधवार, १२ जून

लेक आली. फोन काढून बसली, "बोला बाबा, आज कुठलं?"

म्हटलं, "तलावाचं घे."

तिचा हात थांबला.  मी रागावणार होतो, सकाळपासून घोकून ठेवलं होतं. पण तिने डोळे वर केले नाहीत, आणि माझं घोकलेलं गेलं कुठच्या कुठे.

हळूहळू बोलली. तिने आधी तिच्या नावाने हे काम मागितलं होतं. पण तिचं बँकेचं खातं नवऱ्यासोबतचं, पैसा आला की त्याच्या फोनवर टिंग वाजतं. पगार येतो तो त्याच्याकडेच जातो. भाजीची पावती दाखवावी लागते. बसचं तिकीटसुद्धा.

"रोज रात्री हे विचारतात, बाबा. कुठे गेलीस, किती वाजता पोचलीस, दारात कोण होतं, काय बोललं, तू काय बोललीस. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून."

मी म्हटलं, हे तर आपल्या कामाचेच प्रश्न!

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर मला अहवाल चांगले जमतात."

 उठून नळ सोडला, बंद केला. गळत नव्हता.

वर्षभर तिने माझ्या नावावर कामं घेतली. दुपारच्या सुट्टीत. पैसे बाजूला ठेवले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघितली आहे, अनामत भरत आली. या महिन्याच्या सत्तावीस तारखेला नवऱ्याला गावाबाहेर जायचंय, त्या दिवशी निघणार.

"कराचं माझ्या लक्षातच आलं नाही बाबा. तुमच्या खोलीचंही नाही. मला वाटलं, पैसा लपला की झालं."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे दळणारा मीच. वर्षभर तिच्या फोनमधलं पाकीटसुद्धा उघडून बघितलं नाही.

शनिवार, १५ जून

पुन्हा लाँड्रीमागे. म्हटलं, "समजा एखाद्याच्या नावावर दुसऱ्याने–"

करवालीने हात वर केला. "काका, समजा सांगू नका. समजा माझ्या कानात शिरलं की कागदावर येतं."

हुशार बाई. मग तिने स्वतःच भिंतीकडे बघत सांगितलं. माणूस म्हणू शकतो, ही सगळी कमाई माझी. कर भरायचा, विषय संपला. किंवा म्हणू शकतो, ही माझी नाही. मग चौकशी. ज्याची असेल त्याला पत्र जातं. "आणि ती बाईमाणूस असली, लग्न झालेली असली, दोघांचा कर एकत्र असला, तर पत्र दोघांच्या नावे. घरी."

म्हणजे त्याच्या हातात.

मग म्हणाली, धंद्याचा खर्च दाखवा, जेवढा खाली येईल तेवढा आणू. बसभाडं घेतलं. छत्री घेतली.

"चष्मा?"

"नाही. त्याने तुम्ही घरीही बघता."

"कवळी? हॉटेलात खायला लावतात, चावायचं कशाने?"

"कंपनीचं मांस कंपनीच्या दातांनी, असं कायद्यात नाही काका."

हसलो दोघंही. मग तिने बेरीज केली. रेषेच्या वरच. फार नाही. पण रेष म्हणजे रेष.

रविवार, १६ जून

जावईबापू आले! सात वर्षांत न सांगता कधी आला नव्हता. फळं आणली, महागातली. मला मामा म्हणतो. बोलणं असं की लोणी लाजेल.

"मामा, ही बुधवारी किती वाजता येते तुमच्याकडे?"

"सहाला."

"आणि निघते?"

"दिवे लागल्यावर. घड्याळ कोण बघतो?"

"काय लिहून देते एवढं?"

"माझं काम."

"दाखवा की, आम्हालाही कळू दे."

"करार आहे. बाहेरच्याला दाखवायचं नाही."

"मी बाहेरचा?"

"करारात जावयाचं नाव नाही."

हसला. दात दिसले, डोळे तिथेच. आमच्या कागदात हसण्याला नुसतं हो किंवा नाही आहे. असल्या हसण्याला चौकट नाही.

मी बघत होतो, सवयच आहे. नखं कापलेली. बुटाला एक डाग नाही. माझं फडताळ त्याने नजरेने दोनदा उपसलं. खाटेखालीही वाकून बघितलं – पेन पडलं म्हणे. निघताना म्हणाला, "घरचा माणूस हिशेब विचारतो तो प्रेमापोटी. नाही का मामा?"

फळं शेजारणीला दिली.

बुधवार, १९ जून

आली नाही. फोन बंद.

गुरुवार, २० जून

दुपारी तिच्या कामाच्या ठिकाणी गेलो. कपड्यांचं गोदाम, मागच्या दारी खोक्यांचा ढीग. तिथेच उभं राहून बोललो. बुधवारचं येणं त्याने बंद केलंय. "सासऱ्याला लिहिता येत नाही, तर त्याने काम सोडावं," म्हणाला.

तिने माझा हात धरला. "बाबा, सांगून टाका, ती कमाई माझी म्हणून. तुमची खोली जायला नको. माझं मी बघेन."

"काय बघशील?"

"आजवर बघतेच आहे ना?"

"गप!" म्हटलं. एवढ्या मोठ्याने की खोकी उचलणारा थबकला. मग हळू आवाजात खोटं बोललो. म्हटलं, करवालीने खर्च वजा केला, सगळं रेषेखाली आलंय, खोलीला धक्का नाही. तू तुझी तारीख चुकवू नकोस.

"खरंच?"

"मी कधी खोटं बोलतो?"

तिने विश्वास ठेवला. लहानपणीसारखा.

सोमवार, २४ जून

कागद भरला. करवाली एकेक ओळ वाचत गेली, मी हो म्हणत गेलो. तलावाच्या तिकिटांपाशी थांबली.

"हेही तुमचंच?"

"माझंच."

"पोहता?"

"पोहतो."

"मागच्या वेळी तर माझ्या दोन पायऱ्या चढताना गुडघ्याला शिव्या घालत होतात."

"पाण्यात गुडघा दुखत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मागे इस्त्रीचा फुस्स आवाज. मग म्हणाली, "काका, सही केलीत की माघार नाही. घरखातं कराचा कागद मागवतंच. खोली जाणार हे पक्कं."

"पेन द्या."

सही माझी वेडीवाकडीच असते. आज सरळ आली.

तिने फी घेतली नाही. मी ठेवली. फुकटचं नको.

गुरुवार, २७ जून

जावयाच्या घराच्या दिशेला फिरकलो नाही. कुणी बघितलं तर? दिवसभर खाटेवर. पाव कोरडा लागला.

सातला फोन वाजला. "बाबा, आले मी." मागे आवाज घुमत होता, रिकाम्या खोलीत घुमतो तसा. म्हणाली, नळ गळतोय. म्हटलं, वॉशर गेला असेल, दोन दिवसांत येतो बदलायला. पत्ता फोनवर घेतला नाही, तो तिने गोदामाच्या मागच्या दारीच सांगितला होता.

शनिवार, २९ जून

वॉशर बदलला. पाना घेऊन गेलो, दोनदा बस बदलून. पडदा नाही, जमिनीवर चटई. तिने चहा केला, एकच पेला, आळीपाळीने प्यायलो. ती खूप बोलत होती. मधेच जिन्यात पाय वाजले की गप्प व्हायची.

जावई अजून आला नाही माझ्याकडे. हे बरं लक्षण नव्हे.

शुक्रवार, ५ जुलै

घरखात्याची बाई येऊन गेली. खोलीची मापं घेतली. तीन महिन्यांची मुदत. "कुणाकडे जाल?" म्हटलं, बघू. मनात होतं, लेकीकडे एक चटई मावेल.

मंगळवार, ९ जुलै

लेक त्याच्याकडे परत आहे. अनामत तोच जाऊन घेऊन आला. पत्ता कसा लागला, माहीत नाही; तिथे गेलेला मी एकटाच. मला एक फोन केला तिने, तो शेजारी उभा असावा. "मी बरी आहे बाबा. बुधवारी येणं जमणार नाही."

कंपनीची बाई विचारत होती, काका, पुढचं काम कधी घेताय? नाही म्हटलं. "का हो?" तिला सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही.