खालच्या गॅलरीत लागलेला दुधी

आई,

तू असताना तुला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. मी तलासरीला कचेरीत, तू झरीला घरी. जे सांगायचं ते शनिवारी येऊन सांगायचो, आणि तसंही तुला वाचता येत नव्हतं. आता तुला जाऊन बावीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये एक गंमत घडली. ती मी कितीतरी जणांना सांगितली, पण सांगताना दरवेळी वाटतं की हे ऐकायला खरं तू हवी होतीस. तुझी बोली मला बोलता येते, कागदावर उतरवता येत नाही. म्हणून कचेरीतल्या मराठीत लिहितो, तेवढं चालवून घे.

मुलीच्या कॉलेजसाठी आम्ही २०१४ साली डहाणूला आलो. दोन खोल्या, दुसरा मजला. गॅलरी म्हणशील तर आपल्या माजघरातल्या जात्याभोवती जेवढी जागा असायची तेवढी. त्यात वॉशिंग मशीन, चपलांचा रॅक आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पहिली दोन वर्षं मी तिथे तुळससुद्धा लावली नाही. मग एका संक्रांतीनंतर झरीहून परत येताना काकांनी दुधीच्या बिया कागदात बांधून दिल्या. तुझी सून म्हणाली, "लावणार कुठे? माझ्या डोक्यावर?" मी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा आणला, खिळा तापवून त्याला बुडाशी भोकं पाडली, गावची लाल माती आणि शेणखत भरलं आणि मशीन अर्धा हात सरकवून कोपऱ्यात बसवला. तुझी सून बघत होती. "एक वेल काय आणि एक म्हैस काय, तुम्ही दोन्ही आणाल," म्हणाली, पण मशीन सरकवायला हात तिनेच लावला.

तुला जागा कुठे होती? जमीन होती ती सगळी भाताला. अंगणात खळं, खळ्याच्या कडेला लाकडं. तरी तू चुलीमागच्या कुडाशी, भांडी घासायचं पाणी जिथे मुरायचं तिथे, दोन बिया टोचायचीस आणि वेल छपरावर चढवून द्यायचीस. मला आजही दिसतं, तू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी आहेस, पदर खोचलेला, आणि छपरावरचा वेल हाताने वळवते आहेस. मी खालून ओरडतो, "आई, तो बघ, तो बघ एक!" आणि बोट दाखवतो. तू शिडीवरूनच ओरडतेस, "बोट नको दाखवू! कुजून पडेल ना!" मी सहा-सात वर्षांचा असेन. त्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून दुपारभर छपराकडे बघत बसलो होतो, आपल्यामुळे तो पडतो की काय म्हणून.

डब्यातला वेल मात्र जोरात निघाला. मी त्याला सुतळीवर चढवलं, चार हात झाल्यावर तू करायचीस तसा शेंडा खुडला, मग बाजूने फुटवे आले. गॅलरीची जाळी भरली. वर जायला वाट नव्हती, वरच्या मजल्यावर कपडे वाळायचे. मग वेल आपला आपणच बाहेर पडला आणि खाली लोंबू लागला. खाली पहिल्या मजल्यावर एक गुजराती आजी एकट्या राहतात. सगळे त्यांना बा म्हणतात. त्यांचं माझं बोलणं नव्हतं, जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या एवढंच. आता बोलणं सुरू झालं. मी डब्याला पाणी घातलं की बुडाच्या भोकांतून ते खाली गळायचं, आणि खालून आवाज यायचा, "भाई! मारा सुकाता कपडा पर रोज पाणी पडे छे!" मी डब्याखाली ताट ठेवलं. ताट भरून वाहायचं. मी मोठं घमेलं ठेवलं, पण तोवर बांनी तक्रार दिली होती.

सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. मी तीस वर्षं सरकारी कागद वाचले, पण असा वाचला नव्हता: 'आपल्या गॅलरीतील अनधिकृत वेल पंधरा दिवसांत काढून टाकावा, अन्यथा त्यापुढील रविवारच्या मीटिंगमध्ये निर्णय घेण्यात येईल.' तुझी सून हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही. कारण वेलाला फळ धरत नव्हतं. पांढरी फुलं भरपूर, काही फुलांच्या देठाशी करंगळीएवढा दुधीही दिसायचा, पण चार दिवसांत तो पिवळा पडून गळायचा. तुझ्या छपरावर असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आपला हातच वाईट. सेक्रेटरी म्हणतात ते बरोबर आहे, रविवारची मीटिंग झाली की कापून टाकू.

आणि आई, त्या दिवसांत मला सारखी एक जुनी गोष्ट आठवायची. मी कचेरीत नवा लागलो होतो, तेव्हा तू एक दिवस जीपने तलासरीला आलीस, काखेत मोठा दुधी घेऊन. तुला वाटलं, साहेबाला द्यावा. टेबलांच्या मधून तू चालत आलीस, धुळीने भरलेले पाय, आणि सगळे मान वर करून बघत होते. मी उठून तुझ्यापाशी आलो आणि हळूच म्हणालो, "इथे कशाला आणलास? लोक हसतील." तू दुधी माझ्या टेबलाखाली ठेवलास, पाणीसुद्धा न पिता परत गेलीस. संध्याकाळी मी तो शिपायाला देऊन टाकला. पुढच्या शनिवारी तू विचारलंस, "साहेबाला आवडला?" मी "हो" म्हणालो.

रविवारी गच्चीवर मीटिंग भरली. पाण्याची टाकी, पार्किंग, आणि मग माझा वेल. सेक्रेटरी म्हणाले, "भिंतीला ओल येते, डास होतात, आणि खालच्या रहिवाशांची तक्रार आहे." मी म्हणालो, "मी आजच कापतो." तेवढ्यात जिन्यातून धापा टाकल्याचा आवाज आला. बा. गुडघ्यांमुळे त्या कधी मीटिंगला आल्या नव्हत्या. कठडा धरत धरत त्या वर आल्या, खुर्चीवर बसल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वेल कापायचा नाय."

सेक्रेटरी म्हणाले, "पण बा, तक्रार तुमचीच होती."

"होती ने," बा म्हणाल्या. "त्यारे दूधी नहोती."

तेव्हा दुधी नव्हता म्हणजे काय, कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. वेलाचा एक फुटवा त्यांच्या जाळीतून आत शिरला होता. त्यांचं सासर झाई गावाकडचं, भाजीच्या वाडीवरचं. पावसात भुंगे आले नाहीत की त्यांचे सासरे संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचे. बांनी तेच केलं होतं, रोज दिवेलागणीला. "एवढ्या वर भुंगो क्यांथी आवे?" त्या मला म्हणाल्या. "तुला एटलूं पण माहीत नाय, आणि वेल लावतो!" भर मीटिंगमध्ये मला असं रागावलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मला मात्र इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मीटिंग उठून सगळी खाली बांच्या घरात गेली. जाळीच्या आतल्या बाजूला हातभर लांब दुधी लटकला होता, वजनाने देठ तुटू नये म्हणून बांनी जुन्या साडीच्या पट्टीची झोळी बांधली होती. आता तो इतका जाड झाला होता की जाळीतून बाहेर काढून मला देणं शक्यच नव्हतं. "वेल भाईनो," बा म्हणाल्या, "पण दूधी मारी छे." सेक्रेटरी चष्मा सरळ करत म्हणाले, "अहो, इकडे अजून एक आहे, हा बघा छोटा," आणि त्यांनी बोट पुढे केलं. मी आणि बा एकदमच ओरडलो. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

पहिला दुधी बांनी तोडला आणि अर्धा वर पाठवला. दुसरा मोठा झाल्यावर मी मागून घेतला. एका सोमवारी पिशवीत न घालता काखेत धरून तलासरीच्या बसमध्ये बसलो आणि कचेरीत माझ्या टेबलावर, फायलींच्या वर ठेवला. नव्या साहेबबाई म्हणाल्या, "कुठला हो?" मी म्हणालो, "घरचा." आणि मग त्यांना तुझी ती गोष्ट सांगितली, सगळी, मी काय बोललो त्यासकट. कुणी हसलं नाही. साहेबबाई दुधी घरी घेऊन गेल्या.

यंदा बिल्डिंगमध्ये पाच गॅलऱ्यांत वेल आहेत. सेक्रेटरींनी गिलकं लावलंय आणि ते नर फूल कुठलं, मादी कुठलं हे विचारायला अजून बांकडे जातात. बांचे गुडघे आणखी दुखतात, पण संध्याकाळी खालून हाक येते, "भाई, फूल उघड्यू!" आणि मी जिना उतरतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो, तुझ्या तोंडावर कधी सांगता आली नाही. तू चण्याची डाळ घालून दुधीची भाजी करायचीस, मी संपवली की न विचारता आणखी वाढायचीस, आणि मी तीही संपवायचो, कारण तू समोर बसून बघत असायचीस. आई, मला ती भाजी आवडत नव्हती. अजूनही आवडत नाही.