टिकल्या लावलेला कीबोर्ड

अण्णा, तुमच्या कीबोर्डवरच्या टिकल्या मी खरवडून काढल्या, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती गोष्ट मी फक्त आईला सांगितली, तीही अर्धीच. काल इथे लातूरला, मी शिकवते त्या कॉलेजात, मधला तास रिकामा होता म्हणून संगणकावर काहीतरी चाळत बसले होते. पाणबुडीचे जुने खेळ खेळणारी मंडळी एका ठिकाणी जमून गाऱ्हाणी मांडत होती, की नव्या खेळांतून काय काय गेलं. कुणी म्हणत होतं, नकाशावर पट्टी-पेन्सिलीनं रेषा मारायची सोय गेली. कुणी म्हणत होतं, खोली विचारली की खलाशी तोंडानं सांगायचा, आता आकडा कोपऱ्यात उमटतो. आणि एकानं लिहिलं होतं, पाण्याखालचे आवाज पूर्वी स्वतः कान लावून ऐकावे लागत, आता यंत्रच ओळखतं आणि नकाशावर जहाज काढून देतं. माणसं हळहळत होती, एकमेकांची थट्टाही करत होती. मी मात्र ते बंद केलं आणि पुढच्या तासाला गेले.

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होते, तेव्हा हॉस्टेलमधल्या मैत्रिणीकडून तसल्याच एका पाणबुडीच्या खेळाची सीडी आणली होती. आणली स्वतःसाठी, घरच्या संगणकावर खेळायला, पण दोन दिवसांत कंटाळले. अर्धा वेळ नुसतं हिरवट पाणी आणि घड्याळांचे काटे. तुम्ही नुकतेच रिटायर झाला होता. उभा जन्म नांदेड स्टेशनात गेलेला. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घ्यायची आणि डब्याडब्याखाली चाकं ठोकत जायचं. धड चाक टणटणीत वाजतं, तडा असला की भद्द. घरात बसून तुम्ही गंजून चालला होता, म्हणून आईच म्हणाली, "दे ह्यांना बी कायतरी त्या डब्यावर." मी हसण्यावारी तुमच्या कानाला हेडफोन लावला. तुम्ही डोळे मिटलेत आणि हात वर केलात, गप बसा म्हणून.

"मालगाडी हाय," तुम्ही म्हणालात. "भरलेली. दमानं चालून राहिली."

मालगाडी म्हणजे व्यापारी जहाज. त्या खेळात पाण्याखालचं ऐकायचं एक चाक होतं, ते बाणाच्या बटणांनी फिरवायचं. जिकडे आवाज मोठा तिकडे जहाज. मग त्याच्या पंख्याचे ठोके मोजायचे, त्यावरून वेग काढायचा. मला ते कधी जमलं नाही. तुम्हाला आठवड्यात जमलं. लढाऊ जहाज आलं की "एक्सप्रेस येऊन राहिली, चला खाली" म्हणत पाणबुडी तळाला न्यायचात, आणि इकडे आईचा चहा गार. सुरुवातीला तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघून ठोके मोजायचात. पुढं घड्याळ बघणं सोडलंत. मला वाटलं, हात बसला.

मग एकदा सुट्टीत हॉस्टेलवरून घरी आले, तर कीबोर्डवर आईच्या लाल टिकल्या! खाली जायच्या बटणावर एक, वर यायच्या बटणावर दोन, खोली विचारायच्या बटणावर तीन. "अक्षरं पुसून गेलीत ना, माय," तुम्ही म्हणालात. अक्षरं पुसली नव्हती, मी बघितलं होतं. "अण्णांनी कीबोर्डचं हळदीकुंकू केलंय," मी आईला म्हणाले, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तुम्हीही हसलात.

नोकरी लागली आणि पहिल्याच दिवाळीला मी पुण्याहून नवा खेळ घेऊन आले. लेकीनं आणलेला, झकपक. जागा होईना म्हणून जुना पुसून टाकला, तुम्हाला न विचारता. कीबोर्ड कळकट दिसत होता, म्हणून रॉकेलचा बोळा घेऊन टिकल्या नखानं खरवडल्या. तुम्ही दारात उभे होता.

"राहू दे की त्या," म्हणालात.

"काय करायच्यात आता? यात कान लावायचं कामच नाही, अण्णा. जहाज कोणतं, किती लांब, सगळं समोर दिसतं. आणि पाणी तर बघाच, लाटा कशा खऱ्यासारख्या!"

तुम्ही येऊन बसलात. "लई भारी पाणी हाय," म्हणालात. "गोदावरीला पूर आल्यावानी."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी गेले. अण्णांना खेळ आवडला, असं आईला सांगून गेले. फोनवर विचारलं की तुम्ही म्हणायचात, "हाव, खेळतो की." आईनं मात्र संगणकावर रुमाल टाकला होता आणि रुमालावर फुलदाणी ठेवली होती.

उन्हाळ्यात तुम्ही अंगणातल्या हौदावर आदळलात, तेव्हा कुठं डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात चिमूटभर उजेड. सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर दुसरा बराच वाचला असता, डॉक्टर म्हणाले. मी म्हणाले, "आम्हाला काहीच कळलं नाही हो डॉक्टर, हे कधी बोललेच नाहीत." सगळं तुमच्यावर ढकलून मोकळी झाले. तुम्ही शेजारीच स्टुलावर बसला होता. तुम्ही म्हणालात, "तिला कसं कळंल साहेब? ती बाहेरगावी राहती." आणि चाचपडत माझा हात शोधलात, थोपटलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी औषधांची चिठ्ठी घेऊन उठले.

पुढची चार वर्षं तुम्ही रेडिओजवळ बसून काढलीत. त्या जुन्या खेळाला डोळे लागतच नव्हते. तुम्ही एकदा फोनवर विचारलंतही, "ते जुनं न्हाई का बसवता येत?" सीडी खराब झाली, मी म्हणाले. ती मी कपाटातून काढूनसुद्धा बघितली नव्हती.

काल घरी आल्यावर तो खेळ शोधून उतरवला. हेडफोन लावला, डोळे मिटले. लांबून घरघर आली. मालगाडी की एक्सप्रेस, मला सांगता येईना.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं अर्धं लिहून टाकते. त्या दिवाळीला तुम्ही पाणी भारी आहे म्हणालात, तेव्हा खेळ अजून उघडायचा होता. लाटांचा आवाज तेवढा सुरू झाला होता, पडदा काळाच होता. त्या काळ्या पडद्याकडे बघून तुम्ही हसत होता. मला तेव्हाच कळलं, अण्णा. विचारलं असतं तर दवाखाना आला असता, रजा वाढवणं आलं असतं, आणि माझं तिकीट संध्याकाळचं होतं. म्हणून मी म्हणाले, "आहे ना भारी?" एका ठोक्यात चाकाचा तडा ओळखणारे तुम्ही. माझ्या त्या तीन शब्दांतला तडा तुम्हाला ऐकू आला नसेल, असं मी अजून स्वतःला सांगते.