उभे शब्द माझे

सोम. ३ फेब्रु.
काउंटरवर बसते न बसते तोच मंगलने पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो पाठवला, नेहमीसारखा. पण आज कोड्यातला एक उभा शब्द आधीच भरलेला. निळ्या बॉलपेनने. आमच्यात पेन चालत नाही, पेन्सिलच. आणि अक्षर तिचं नाही, कोंबडीच्या पायासारखं आहे.

आडवे शब्द तिचे, उभे माझे. ती लोणावळ्यात शाळेत शिकवायची, मी या कुसगावच्या हॉटेलात, आणि दोघी एकाच सहा सीटर रिक्षाने यायचो तेव्हाचं ठरलेलं. ती रिटायर होऊन औंढ्याला घरी बसली तरी मोडलं नाही. पेपर तिच्याकडे येतो. ती आडवे भरून फोटो पाठवते, मी फोनवर उभे सांगते, ती लिहिते. इथल्या पोरी म्हणतात, मॅडमची पूजा चाललीय.

विचारलं, हे कुणी भरलं? म्हणाली, ह्यांनी. बसले होते, सहज.

सहज म्हणे.

बुध. ५ फेब्रु.
आज चार उभे गेले. मं.चे मिस्टर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, डिसेंबरात नवलाख उंबरे गावच्या कंपनीतून रिटायर झाले. जन्मभर शिफ्ट. पेपर फक्त डबा गुंडाळायला. त्यांना आता शब्द सुचायला लागलेत.

आता आधी त्यांचे उभे, मग तिचे आडवे, आणि उरलेसुरले मला. उष्टं ताट पुढे केल्यासारखं. मी म्हटलं, कस्टमर आलंय, ठेवते. कस्टमर कुठलं, बुधवारी लॉबीत कुत्रं नसतं.

शुक्र. ७
स्टेशनवरून स्वतःचा पेपर आणला. आडवे, उभे, सगळे एकटीने सोडवले. चहा निवायच्या आत संपलं. मजा नाही. अडलं तर भांडायला कुणी नाही. घरी तरी कोण आहे. मुलगी पुण्याला, तिचा फोन रविवारी, तोही भाजी चिरता चिरता.

सोम. १०
हद्द झाली.

एक उभा: शेतीचे अवजार, तीन अक्षरे. नांगर. भाऊंनी ठोकून दिलंय 'कुळव'. ठीक, माणूस चुकतो. पण त्याच चौकोनातून आडवाही सुरू होतो: नाटकाच्या आरंभीचे स्तवन, दोन अक्षरे. नांदी. मं.ने काय लिहिलंय? 'कुदी'.

आता कुदी असा शब्द या महाराष्ट्रात नाही. आणि पुढचं 'दी' बरोबर आहे, म्हणजे नांदी तिला आलेलं होतं. येऊनसुद्धा भाऊंचा 'कु' तसाच ठेवला आणि त्याला 'दी' जोडलं. बाईने जाणूनबुजून चुकीचं लिहिलं.

हीच बाई. एका शब्दावरून लोणावळा येईपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतला जाडजूड शब्दकोश पिशवीत घालून घेऊन आली होती, मला खोटं पाडायला. माझं एक चूक अक्षर कधी चालवून घेतलं नाही. नवऱ्यासाठी अख्खी नांदी घालवली.

माझ्यासाठी नसती घालवली. हे लागलं. दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं, दोन पार्ट्यांना एकच रूम दिली, मॅनेजरची बोलणी खाल्ली.

गुरु. १३ (सुट्टी)
औंढ्याला गेले. म्हटलं, बघू तरी.

पडवीत दोघं, मध्ये पेपर. भाऊ बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचत होते. ही हरभरा सोलत नुसती हुंकार देत होती, येत असलेलं उत्तर गिळून. मला दिसत होतं, तिला येतंय. मी आल्यावर भाऊ सरकले, मला जागा केली.

"या ताई. तुमी ह्यातल्या मास्तर. आमी आपलं हितं धडपडतोय. पन लय बरं वाटतं वो."

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, सोमवारचं ते नांगर होतं. तुमच्या कुळवापायी मंगलला 'कुदी' लिहावं लागलं."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "व्हय गं? तुला ठावं हुतं?"

ती सोलत राहिली. त्यांनी पेन खिशाला लावलं, गोठ्याकडं जाऊन येतो म्हणाले. मी निघेपर्यंत आले नाहीत.

मं. फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडी दिसल्यावर बोलली.

"शैला, आमच्यात बोलणंच नव्हतं गं कधी. यायचे, जेवायचे, झोपायचे. आता रोज सकाळी मला विचारतात, हे काय असंल. चुकंना का."

मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच नव्हतं माहीत. पण असतं तरी ते कुदीचं बोलले असते बहुतेक.

शनि. १५
फोटो नाही. कालही नव्हता. हॉटेल फुल्ल, श्वास घ्यायला वेळ नाही, तरी मोबाईल हातातच.

सोम. १७
आला. आडवे सगळे पेन्सिलने, सगळे बरोबर. उभे रिकामे. निळं पेन कुठेच नाही.

खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. लगेच फोन लावला आणि उभे धडाधड सांगत गेले. ती 'हं, हं' करत लिहीत गेली. मधेच विचारलं, भाऊ काय करतायत? म्हणाली, बसलेत.

एकदाही 'नाही गं, तसं नाही' म्हणाली नाही. मग मी मुद्दाम एक शब्द चुकीचा सांगितला. शेंबडं पोरही हसेल इतका चुकीचा.

तोही लिहिला तिने.

मंगळ. १८
आज फोटोत सगळं कोरं. खाली एक ओळ: आडवे पण तूच भर.

रागाने लिहिलंय की चष्मा सापडत नव्हता, कळत नाही. चष्म्याचंच असू दे. दुपारपर्यंत फोटो उघडून उघडून पाहिला. पहिला आडवा सोपा आहे, येतोय. भरला नाही.

आणि एवढं होऊनही भाऊंचा राग येतोच आहे. कमाल आहे माझी.

परवा सुट्टी. गेले तर भाऊ पडवीतच असणार, पेपरशिवाय. आधी त्यांच्याशी बोलायचं की तिच्याशी? की जायचंच नाही, आणि उद्यापासून पेपर आपला आपणच आणायचा?