सुपुर्दनाम्यावरचा उंट

२१ मे

उंट माझ्या नावावर झाला! हो, उंटच. अंगणात लिंबाखाली बसलाय आणि मी ओट्यावर बसून हे लिहितोय. दोघांपैकी जास्त कोण गोंधळलंय, सांगता येत नाही.

झालं ते असं. गावाबाहेरच्या माळावर काठेवाड्यांचा तळ होता. दरवर्षी कच्छकडून मेंढरं आणि उंट घेऊन येतात, तेच लोक. त्यातल्या वेलाभाईच्या उंटाच्या पायात काच गेली. पुढच्या मुक्कामापर्यंत चालवेना म्हणून त्याने तो पिकअपमध्ये बसवला. फाट्यावर पोरांनी गाडी अडवली — उंट कत्तलीला चाललाय म्हणे! कागद मागितले. उंटाचे कागद कोण जवळ बाळगतो? गुन्हा दाखल झाला आणि जमादार नेहमीप्रमाणे माझ्या दारात आले.

गावात अपघात होवो की भांडण, पंच म्हणून सही दौलतरावची. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस, घरीच सापडतो. नाही म्हणायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर त्या बोलावण्याची थोडी मिजासही होती. जमादार म्हणाले, "इथं करा दादा. अन् इथं बी." केल्या दोन्ही.

दुसरा कागद पंचनामा नव्हता, सुपुर्दनामा होता. कोर्ट सांगेपर्यंत जनावर माझ्या ताब्यात. विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, मेलं तर जबाब मी द्यायचा.

माझी बायको भागिरथा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "जल्मभर लोकायले तिकिटं फाडून देल्ले, अन् सोताचं तिकीट कुठलं हाय हे पाह्यलं नाई."

२२ मे

पाणी पीत नाही. बादली हुंगतो आणि तोंड फिरवतो. शेजारच्या ललिताबाईंनी भिंतीवरून निदान केलं — त्याच्या कुबडात टाकी असते. साऱ्या गावाचं हेच मत. माझंही शाळेपासून हेच.

२४ मे

ताप! दुपारी अंगाला हात लावला तर तवा. धावतपळत जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. ते हसले. म्हणाले, हा प्राणी भर उन्हात घाम गाळत बसत नाही; अंग तापू देतो आणि पाणी वाचवतो. रात्री गारवा लागला की ती उष्णता सोडून देतो. पहाटे हात लावून बघा.

टाकीचंही विचारलं. कुबडात पाणी नाही, चरबी आहे. खायला मिळालं नाही की ती कामी येते. अंगभर पसरली असती तर आतला जीव उकडला असता, म्हणून सगळी पाठीवर एका जागी. आमच्याकडे पोटावर साठवतात.

जाता जाता डॉक्टर हेही बोलून गेले की कॉलेजात उंटावर एकच प्रश्न यायचा आणि तो ते ऑप्शनला टाकायचे. वा! म्हणजे या प्रकरणात सगळेच नवशिके.

२५ मे

पहाटे हात लावला. गार! लबाड कुठला.

२७ मे

प्यायला. आणि काय प्यायला! आज टँकर आला होता. भागिरथाने अर्धा दिवस रांगेत उभं राहून पिंप भरलं. पाहुण्याने मान लांबवली, पिंप संपवलं, मग घंगाळ, मग माझ्या हातातली बादली. मध्ये श्वास घेतला असेल तर मला दिसला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, कोरडा पडलेला उंट एका बैठकीत शंभर लिटरही ओढतो. एवढं पाणी एकदम पिऊन दुसरं जनावर मेलं असतं, पण याच्या रक्तातल्या पेशी फुगतात, फुटत नाहीत. हे पेशींचं मी भागिरथाला सांगितलं नाही. तिचंही काहीतरी फुटायच्या बेतात होतं.

२ जून

वेलाभाई आला होता. जामिनावर सुटलाय. तळ पुढे वर्ध्याकडच्या खडकाळ टेकड्यांवर गेलाय, तिथून एसटीने आला. उंच, वाळका माणूस. उंटाने त्याचा आवाज ऐकला आणि बसल्या जागी मान वळवून गुरगुरला. इतक्या दिवसांत मला नाही कधी गुरगुरला! त्याने पाय धुतला, जखम भरतेय म्हणाला, खडेमीठ चाटवलं. तिकडच्या झाडपाल्यातच मीठ असतं, इथे ते वरून द्यावं लागतं. तरीच हा माझा घामेजला सदरा चाटत होता!

निघताना त्याने उंटाचं पाऊल उचलून दाखवलं. खूर नाही, गादी. भाकरीएवढी, मऊ, वाळूत पसरणारी. म्हणाला, "दादा, ये रेत का पाँव आहे. तुमची काळी माटी ओली झाली की हा गेला."

पाय फाकतात, जांघ फाटते आणि बसलेला उंट पुन्हा उठत नाही. कोर्टाची तारीख सोळा जून. मृग त्याआधीच लागतो.

५ जून

जोराचं वादळ. पत्रे उडाले, सारा गाव डोळे चोळत घरात. पाहुणा वाऱ्याकडे तोंड करून बसला. नाकपुड्या चक्क मिटून घेतल्या, आपण डबा बंद करतो तशा. पापण्यांचे केस दुहेरी, त्याच्या आत आणखी एक पातळ पडदा. मी खिडकीतून बघत होतो. त्याला काहीच झालं नाही. किती तयारी करून आलाय हा जन्माला! पण तयारी सगळी दुसऱ्याच गावाची.

८ जून

भागिरथा नागपूरला गेली. आमच्या लेकीचे, साक्षीचे दिवस भरत आलेत, पहिलं बाळंतपण. जायचं दोघांनी होतं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा एसटीत खिडकीपाशी बसून जायचं ठरवलं होतं मी, मांडीवर पिशवी ठेवून, ऐटीत. एका रात्रीपुरता उंट सांभाळा म्हणून अख्ख्या गावात विचारून झालं. सगळे म्हणतात, कोर्टाचं जनावर, नको रे बाबा.

गाडीत बसताना ती म्हणाली की तुम्हाला सगळंच सोसतं हीच तुमची खोड आहे. स्टँडवर माझ्याच हाताने दार लावलं आणि सवयीने डबल बेल म्हणालो. गाडी गेली.

११ जून

घर मोठं वाटतं. दार ओलांडलं की मागे काही होईल ही धास्ती, घरात बसलं की डोकं फिरतं. मी उंटाला दावं लावलंय, पण बाजारात एक तासही न जाऊ शकणारा तो नाही, मी आहे. चिडून आज त्याच्यावर ओरडलो. रवंथ करत बघत राहिला.

१४ जून

पाऊस. अंगणाचा चिखल. सकाळी उठायला गेला, मागचे पाय दोन दिशांना सरकले. असा ओरडला की ललिताबाई भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या. चारपाच जणांनी शेपटीकडून उचलून धरला. माझ्या कंडक्टरच्या पिशवीचा चामडी पट्टा होता खुंटीला. तोच त्याच्या मागच्या दोन पायांना सैलसर बांधला, फाकू नयेत म्हणून. पण उभं कशावर करायचं?

घरामागे वाळूचा ढीग होता. साक्षी बाळाला घेऊन येईल म्हणून वर एक खोली काढायची, तिच्यासाठी जमवलेली. आजकाल वाळू सोन्यासारखी जपतात लोक. मी एक क्षण ढिगाकडे पाहिलं आणि फावडं घेतलं. सगळी पसरली लिंबाखाली. पाहुण्याने पाऊल टेकवलं, गादी पसरली आणि थरथर थांबली. मला रडू आलं. का आलं, ते ठाऊक नाही.

१६ जून

कोर्टात साहेब रजेवर. पुढली तारीख सात जुलै.

१९ जून

मुलगी झाली! साक्षी सुखरूप. व्हिडिओ कॉलवर पाहिली — मूठभर, लाल, डोळे गच्च मिटलेली. भागिरथाने विचारलं, "येऊन राह्यले का?" मी फोन उंटाकडे फिरवला. पलीकडे कोणी हसलं नाही.

२८ जून

वाळू रोज चिखलात जिरतेय, काळी पडतेय. वर चावऱ्या माश्या. वाळवंटासाठी याच्याकडे सगळं आहे, या माश्यांसाठी काही नाही. डॉक्टरांना माश्यांतून पसरणाऱ्या सर्रा रोगाची भीती वाटते, रक्त तपासायला घेतलंय. कुबड एका बाजूला कललंय. ललिताबाई म्हणतात, टाकी रिकामी झाली. मी समजावत नाही आता.

२ जुलै

रक्तात रोग निघाला नाही. हुश्श! औषध आणि खडेमीठ आणायला रिसोडला गेलो. वेलाभाई पाय बघायला आला होता, त्याच्या भरवशावर. येताना गाडी बंद पडली, संध्याकाळ झाली. फाट्यावर उतरलो तर रस्त्याकडेच्या मुरमात पावलं! भाकरीएवढी, गोल. गावाकडून फाट्याकडे आलेली. गेला. उंट गेला, आता दौलतराव आरोपी!

मग खाली वाकून नीट पाहिलं. फाट्यापाशी पावलं वळली होती, परत गावाकडे.

घरी दोघंही होते. वेलाभाईनेच सांगितलं, उंटाच्या मानेवर हात ठेवून. "फाट्यापर्यंत नेला होता दादा. फिर तुमचं नाव आठवलं. कागजावर तुमचं नाव आहे."

मी चहा ठेवला. दोघांनी प्यायला.

७ जुलै

अखेर सुनावणी झाली. दोन वाटा. एक — उंट दूरच्या गोरक्षणात पाठवायचा. ती जागा मी पाहिलीय. नदीकाठची गाळाची जमीन, गुडघाभर चिखल. दुसरी — मूळ मालकाला ताबा, पण इथला जामीनदार पाहिजे. ज्याचं स्वतःचं घर आहे असा. तारखेला वेलाभाई उंट घेऊन हजर झाला नाही तर दंड जामीनदाराच्या घरावर. वेलाभाईला इथे कोण ओळखतं? जो तो म्हणतो, आज इथं, उद्या तिथं, त्यांना कुठं शोधत फिरायचं! वकील म्हणाले, दहा तारखेपर्यंत जामीनदार आणा, नाहीतर गोरक्षण.

म्हणजे मी नुसता गप्प बसलो तरी सुटतो! दहा तारखेला गाडी येईल, उंट जाईल आणि मी रात्रीच्या गाडीने नागपूर. खिडकीची जागा. नातीचं अजून नावही ठेवलेलं नाही, माझ्यासाठी थांबलेत.

८ जुलै

झोप नाही. अंगणात तो चिखलातल्या वाळूच्या एवढ्याशा तुकड्यावर बसलाय. छातीवर घट्टा आहे त्याच्या, गुडघ्यांवरही. तापलेल्या जमिनीवर बसता यावं म्हणून. माझ्या खांद्यावरही आहे, पिशवीच्या पट्ट्याचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावांना जाणाऱ्या गाडीत उभा राहिलो आणि कुठेच गेलो नाही.

९ जुलै

भागिरथाला फोन केला. सगळं सांगितलं — गोरक्षण, जामीन, घर, आणि फाट्यावरची पावलंही. मागे नात रडत होती. मला वाटलं आता तोफ सुटणार.

म्हणाली, "करा नाईतर नका करू. पन या खेपेले वाचा तरी."

१० जुलै

कारकून म्हणाला, "इथं करा काका." म्हटलं, थांबा. चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. घर जाऊ शकतं, असं स्पष्ट लिहिलंय.

मग सही केली.