कवटीनं विचारलं, कोण आहे?

३ फेब्रुवारी. बद्दी, कंपनीची रूम
आणि परत तेच. लॅपटॉप मी घेऊन द्यायचा, त्यातली पुस्तकं माझ्या नंबरवर घ्यायची, आणि तेजश्रीनं म्हणायचं, दादा, तुला दातातलं काय कळतंय? शिरूरच्या डेंटल कॉलेजात ती असली तरी लक्ष इथून ठेवता येतं. पुस्तक माझ्या मोबाइलवरही उघडतं. ठरलं. नाइट शिफ्ट सुटली की रोज एक धडा. आठवी नापास असलो म्हणून काय, डोकं आहे.

४ फेब्रुवारी
धडा इंग्रजीत. चित्रं बघितली. एक कवटी आहे, बोट लावलं की गरागरा फिरते. पाठमोरी करून ठेवली. तरी बघतेय असं वाटतं.

६ फेब्रुवारी
काल कोऱ्या असलेल्या ओळींवर आज पिवळ्या रेघा. मी मारलेल्या नाहीत. रूम पार्टनर चांदभाईंना दाखवलं. दौंडचे, वयानं मोठे. म्हणाले, "झोप न्हाई तुला. पाटसला घरी जाऊन ये चार दिवस."
घाबरलो नाही. फक्त मोबाइल पालथा ठेवला.

८ फेब्रुवारी
मी जबडा बघून बंद करतो, उघडावं तर दाढांचं पान. मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारतं. OK दाबलं की पुढं जातं. एवढं टेक्निकल आपल्याला जमतं.

१० फेब्रुवारी
कवटीशेजारी चिठ्ठी. "कोण आहे? पान कोण बदलतंय?"
चांदभाईंना दाखवली. मराठीत विचारते, म्हणजे आपल्याकडचीच कुणीतरी. चांदभाई घाईत अंघोळीला गेले.
विचार करून खाली लिहिलं, "मी पाटसचा स्वराज. हात जोडतो. परवा बहिणीची टेस्ट आहे, लॅपटॉपवर पुस्तक उघडून. नापास झाली तर वार्षिकला बसू देत नाहीत. तिला सांभाळा."

१२ फेब्रुवारी, सकाळी
झोपलो नाही. टेस्ट संपेपर्यंत कवटीसमोर बसायचं ठरवलं. आज ते इंग्रजीतलं सारखं विचारत होतं. मीही सारखं OK दाबत राहिलो. हटलो नाही.

संध्याकाळी
तेजश्रीचा फोन. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "दादा, आपला नंबर एकच. एकानं पुस्तक उघडलं की दुसरा बाहेर पडतो. टेस्टभर तू मला बाहेर काढत होतास." रेघा तिच्या. चिठ्ठीपण तिचीच, हॉस्टेलच्या पोरीही घाबरल्या होत्या म्हणे. माझं उत्तर तिनं आत्ता वाचलं. मी पुस्तकाच्या कंपनीवाल्यांची चूक समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, "जेवलास का?"

१३ फेब्रुवारी
पुस्तक मोबाइलवरून काढून टाकलं. शिफ्टवरून आल्यावर सवयीनं बोट तिथंच गेलं. चांदभाईंची आता दिवसपाळी. रूमवर कोण आहे, असं विचारणारं कुणी नाही.
सर अजून एकदा टेस्ट घेणार आहेत, फी भरून. पाठवतोय. रुपये अठराशे.