यादीत न बसलेले मिस्त्री

३ तारीख, मंगळवार
नऊ दिवस वहीला हात लावला नाही. आळस, दुसरं काही नाही! रोज पेन घेऊन बसायचं आणि मग धक्क्यावर दोर वळणाऱ्यांशी गप्पा ठोकायच्या. तर — काम मिळालंय. मालकीणबाईंची बोट वर्षभर भाड्याने जाणार. तिच्यावरची एकूण एक वस्तू, तिची अवस्था, सगळं मी लिहायचं. बोट परत येईल तेव्हा याच यादीशी ताडून बघतात. जे लिहिलं नाही ते धडधाकट होतं असं धरतात.

निबंधात कधी पास झाले नाही, आणि आता हे!

४ तारीख
करार वाचला. अर्धा डोक्यावरून गेला. बारा तारखेला दुपारी बाराच्या आत चालत्या इंजिनासकट बोट ताब्यात द्यायची, नाहीतर घेणारा करार मोडू शकतो. आणि बोट माणसांशिवाय द्यायची. म्हणजे काय, ते मिस्त्रींना विचारलं. एकोणीस वर्षं ते हे इंजिन सांभाळतायत, राहतातही बोटीवरच.

"घेणारा आपली माणसं आणतो, पोरी. चूल-तवा, दोर, नांगर बोटीबरोबर जातात. मी नाही."

आणि स्टूल पुसत बसले.

६ तारीख
दोर सात, एक झिजलेला. खिडकीची काच तडकलेली. इंजिनापाशी मात्र अडले. मिस्त्री आधी त्याच्यावर तळहात टेकतात, झडप पाव वळसा उघडतात, कान लावून थांबतात — की सुरू! मी तीनदा करून पाहिलं. नुसतं खोकलं. शेऱ्यात लिहून टाकलं : इंजिन चांगलं, पण मिस्त्रींच्याच हाताला चालू होतं.

७ तारीख
मालकीणबाई भडकल्या. "ही वस्तूंची यादी आहे, मिस्त्रीचं चरित्र नाही. खोड ते."

घेणारा बिचकेल, ही त्यांची भीती. तीही खोटी नाही. करार मोडला तर बोट विकावीच लागेल, मग वर्षाने मिस्त्री परत कुठले आणि कुठलं काय! मिस्त्रीही खोड म्हणाले. दुपार गेली. मध्ये मी एक बगळा बघत बसले, तासभर.

८ तारीख
नाही खोडलं. खोटी यादी कशी पाठवू? घेणाऱ्याकडे तशीच पाठवली, आणि मालकीणबाईंना तसं सांगितलं. बोलत नाहीत माझ्याशी.

१० तारीख
मिस्त्री भाचीकडे गेले. थैली, किटली. स्टूल इथेच. त्यांनी स्वतः बनवलेलं, आणि मी बावळट, ते बोटीच्या सामानात लिहून बसले! घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, "यादीत आहे ना? मग बोटीचं."

१२ तारीख, साडेअकरा
सकाळपासून इंजिन नुसतं खोकतंय. मालकीणबाई घड्याळाकडे बघतायत, मी पाण्याकडे.

पावणेबारा
घेणारा कप्तान आला. शेरा वाचून परवाच भाचीच्या घरी जाऊन आला म्हणे. मागून त्याचा इंजिनवाला फळीवरून चढला, हातात माझी यादी. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "स्टुलाची अवस्था लिहायची राहिली, पोरी."

मिस्त्री!